पन्नाशीस दोन वर्षे कमी

मु. पो. भांडगाव, ता. दौंड, जि. पुणे

जकात कचेरीतील मेजामागचे रा. रा. साहेब यांस,


गेल्या मंगळवारी आपल्या मेजासमोर जो वृद्ध शेतकरी रुमालात बांधलेले कागदांचे भेंडोळे घेऊन अडीच तास उभा होता, आणि ज्यास आपण चष्म्यावरून पाहत ‘गाडी फार जुनी आहे’ आणि ‘पण तेवढी जुनीही नाही’ असे दोन निकाल एकाच दमात ऐकविलेत, तोच मी. उत्तर त्या वेळी सुचले नाही. परतताना कर्जतला गाडीस मागून इंजिन जोडीत होते तेव्हा सुचू लागले, ते आता सावकाश लिहून कळवितो.

आमचे थोरले बंधू लेस्टरच्या गिरणीत रात्रपाळ्या करीत म्हातारे झाले आणि गेल्या श्रावणात निवर्तले. त्यांनी 1978 साली घेतलेली व्हॉक्सहॉल मोटार पुतण्याला तिकडे ठेवण्यास जागा नाही, आणि मोडीत देण्यास त्याचा जीव होत नाही. दादांच्या अस्थी विमानाने आल्या व भीमेत विसर्जन पावल्या. त्यांना वय कोणी विचारले नाही. मोटारीला मात्र विचारले. परदेशात वापरलेले वाहन तयार होऊन तीन वर्षे उलटली असता या देशात येऊ शकत नाही, हा आपला शिरस्ता. आणि पन्नास वर्षे उलटली असता तेच वाहन पुरातन ठरून सन्मानाने येऊ शकते, ही 2025 साली झालेली सुधारणा, कारण त्यापूर्वी 1950 च्या आधीचा जन्म लागत असे. म्हणजे बाल्य चालते, वार्धक्य चालते. मधली सत्तेचाळीस वर्षे, ज्यांत माणूस काय किंवा यंत्र काय, खरोखर काम करते, तेवढी मात्र निषिद्ध.

वेगदर्शकावर मैलांऐवजी किलोमीटर हवेत, मान्य. उतरावे ते मुंबईच्याच बंदरात, तेही मान्य. तपासणीस पुण्याच्या किंवा नगरच्या संस्थेत न्यावी म्हणता, तर नगर आम्हांस दौंडहून रेल्वेने सोयीचेच आहे. किमतीहून जकात मोठी, तीही कर्ज काढून भरली असती. ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांची बरोबरी करणाऱ्या तेंडुलकरांच्या फेरारीची जकात सरकारने एकदा माफ केली आणि ओरड झाल्यावर ती फियाट कंपनीने भरली. दादांच्या नावावर एकही शतक नसल्याने माफी मागण्याचा प्रश्नच नव्हता.

परंतु ‘अशी परकी जुनाट गाडी आपल्या रस्त्यांना धोक्याची’ हे आपले वाक्य मला सहन होत नाही. परकी? साहेब, व्हॉक्सहॉलने ही मोटार बनविणे थांबविल्यावर तिचेच साचे हिंदुस्थान मोटर्सने विकत घेतले, बंगालमध्ये उत्तरपाड्यास नेले, आणि 1984 पासून 2002 पर्यंत हीच काया, हाच तोंडवळा ‘काँटेसा’ या नावाने या देशाच्या रस्त्यांवर धावला. साहेबलोक तिच्यातून उतरत आणि आम्ही बांधावर उभे राहून पाहत असू. जिचे साचे उचलून आणावयास कोणाची हरकत नव्हती, ती मोटार स्वतः दाराशी आली असता तिला ओळख दाखवू नये, ही कुठली रीत? आणि धोका म्हणता तर उसाच्या हंगामात एका रात्री आमच्या सोलापूर रस्त्यावर येऊन उभे राहा. मागे एकही दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर अंधारातून येतात. त्यांखाली गेलेली माणसे आम्ही उचलली आहेत, आपण नाही. त्यांना कोणी जन्मतारीख विचारीत नाही.

हे लिहिताना हात कापतो आहे, म्हणून थोडा थांबलो.

एक गोष्ट मात्र लिहावयास हवी. शिपाई चहा ठेवून गेल्यावर आपण मोटारीचे छायाचित्र पुन्हा हाती घेतलेत आणि कोणास ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणालात, ‘आमच्या पहिल्या साहेबांना काँटेसा होती. दार मी उघडायचो. बंद करताना काय भारदस्त आवाज यायचा!’ नंतर अर्जाच्या कडेला शिसपेनीने ‘2028’ एवढाच आकडा घालून कागद माझ्याकडे सरकविलेत. नियम आपण केलेला नाही, हे मला त्या क्षणी समजले; राग मात्र तरीही गेला नाही.

घरी येऊन भेंडोळे सोडले, तो सगळे दाखले जागच्या जागी, छायाचित्र तेवढे नाही. ते परत पाठवू नये. आपल्या मेजावरील काचेखाली असू द्यावे. दोन वर्षांनी मोटार बंदरात येईल तेव्हा आपण सेवेत असाल किंवा नसाल, त्या मेजावर जो कोणी बसेल त्याला ओळख पटविण्यास ते उपयोगी पडेल. आणि आपण निवृत्त झाला असाल तर भांडगावास जरूर यावे. दार उघडण्यास मी उभा राहीन, बंद मात्र आपणच करावे.