लांडग्याचा तागा

मालेगावात सिनेमा न पाहिलेला माणूस एक वेळ सापडेल, पण सिनेमावर मत नसलेला सापडणार नाही. यंत्रमागांना शुक्रवारची सुट्टी. आठवडाभर मागाच्या खटखटाटानं बधिर झालेले कान त्या दिवशी टॉकीजच्या स्पीकरपुढे धुवून निघतात आणि शनिवारी सकाळपासून चहाच्या टपऱ्यांवर निकाल लागायला सुरुवात होते. हिरो बरा होता की नाही, हे कुणीही सांगतं. भुताखेताच्या सिनेमाचा निकाल लावायचा अधिकार मात्र प्रत्येक टपरीवर एकाच माणसाकडे असतो. मोसम पुलाजवळच्या आमच्या टपरीवर तो अण्णांकडे आहे.

अण्णांचा जन्म कापड तपासण्यात गेला. मागावरून उतरलेला तागा टेबलावरून ओढत न्यायचा, कुठे तार तुटली, कुठे गाठ आली, कुठे तेलाचा डाग पडला ते हेरायचं आणि तिथे खडूनं खूण करायची. अण्णांना चांगलं काही दिसतच नाही, असा त्यामुळे लोकांचा समज झाला आहे. तो खरा नाही. चांगलं त्यांनाही दिसतं, पण चांगल्यावर खडू चालवायची त्यांना सवय नाही.

भुतांमध्येही अण्णांचा खास प्रांत म्हणजे माणसाचं जनावर होणारे सिनेमे. आपल्याकडे मुंजा आहे, हडळ आहे, खवीस, वेताळ, झोटिंग, सगळा गोतावळा आहे. पण पौर्णिमेला लांडगा होणारा माणूस काही आपल्या आजीनं सांगितलेला नाही. मग अण्णांना त्याचंच वेड का? कारण कापड. "हडळीचं सोपं असतं," अण्णा सांगतात, "एक पांढरं पातळ नेसवलं की काम झालं. पण माणसाचा लांडगा झाला की पहिला प्रश्न येतो, अंगावरचं कापड गेलं कुठं?"

या प्रश्नावर अण्णांनी भलेभले दिग्दर्शक नापास केले आहेत. व्हिडिओ पार्लरच्या जमान्यात त्यांनी १९४१चा 'द वुल्फ मॅन' पाहिला. इंग्रजीतलं अक्षर कळलं नाही, पण अण्णांच्या मते तो फायदाच. कान रिकामे असले की डोळे कामाला लागतात. त्यात लॉन चेनी ज्युनियर बनियनवर खुर्चीत बसतो, त्याच्या पायांवर केस उगवतात, आणि पुढच्या दृश्यात लांडगा बाहेर पडतो तो गडद रंगाचा शर्ट घालून. बटणं लावलेली! "अरे, पंज्यानं बटण लागतं का?" अण्णा टपरीवरच्या पोराला विचारतात. पोरगा ग्लास विसळत असतो. त्याच्या गप्प बसण्याला अण्णा पाठिंबा समजतात.

त्या लांडग्याच्या चेहऱ्यावर जॅक पिअर्स नावाच्या रंगभूषाकारानं याकचे केस चिकटवले होते, हे कळल्यावर अण्णा प्रथमच थोडे विरघळले. "माल अस्सल होता म्हणायचा," ते म्हणाले. आणि लगेच पुढची खूण: चेहरा बदलताना दाखवला तो शेवटी, लांडग्याचा माणूस होताना. माणसाचा लांडगा होताना नुसते पाय! "म्हणजे उधारी देताना पावती नाही, परत घेताना मात्र पूर्ण हिशोब."

इथे अण्णांचा मूळ सिद्धांत येतो. तो त्यांनी टपरीवर इतक्या वेळा मांडला आहे की चहात साखर नसली तरी तो असतो. "कट मारायचा नाही. आधी माणूस, नंतर लांडगा, हे तर महापालिकेच्या निवडणुकीच्या आधी आणि नंतरही दिसतं. त्यासाठी तिकीट कशाला काढायचं? मधलं दाखवा. माणूस नेमका कुठल्या क्षणी सुटतो, ते दाखवा."

या कसोटीला आजवर एकच सिनेमा उतरला आहे, जॉन लँडिसचा १९८१चा 'ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'. ना धुकं, ना काळोख. घरातला लख्ख उजेड, आणि त्यात हात लांबतोय, पाठीचा कणा वर येतोय, माणूस बोंबलतोय. रिक बेकरच्या या करामतीला रंगभूषेचं पहिलंवहिलं स्पर्धात्मक ऑस्कर मिळालं, हे आम्ही अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "उशीर केला त्यांनी. मी आधीच पास केला होता." पण त्यांचं खरं प्रेम त्या सिनेमातल्या सकाळवर आहे. लांडगा रात्रभर हिंडून सकाळी पुन्हा माणूस होतो, तो प्राणिसंग्रहालयात लांडग्यांच्या पिंजऱ्यात, अंगावर सूतसुद्धा नाही. "इंग्रजी कारभार. कापडाचा हिशोब चोख!"

हिंदीत हा हिशोब लागत नाही, ही अण्णांची जुनी तक्रार. १९९२च्या 'जुनून'मध्ये महेश भट्टनं लांडगाच बदलला आणि पौर्णिमेच्या रात्री राहुल रॉयचा थेट वाघ केला. अण्णांना हा बदल मात्र मंजूर आहे. "लांडगा आपल्याकडे धनगराच्या मेंढ्या पळवणारा भुरटा. त्याला हिरोचं काम कोण देणार? वाघच पाहिजे. देवीचं वाहन आहे." २०२३च्या दिवाळीत 'टायगर ३'ला सलमान पडद्यावर आला आणि इथल्या एका टॉकीजमध्ये पोरांनी आतच फटाके लावले, तेव्हा अण्णा आठवडाभर खिन्न होते. फटाक्यांचं त्यांना काही वाटलं नाही, न्यायाचं वाटलं. "माणूस खरोखर वाघ झाला तेव्हा कुणी टिकलीसुद्धा फोडली नाही. आणि ज्याचं नुसतं नाव टायगर, त्याच्यासाठी रॉकेट!"

या सगळ्यांच्या वर, अण्णांच्या देव्हाऱ्यात बसला आहे राजकुमार कोहलींचा १९७९चा 'जानी दुश्मन'. सुनील दत्त, संजीवकुमार, शत्रुघ्न सिन्हा, जीतेंद्र, विनोद मेहरा, रेखा, रीना रॉय, नीतू सिंग... लग्नपत्रिकेत 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं'खाली छापतात तेवढी नावं. त्यातला राक्षस पौर्णिमेची वाट पाहत नाही. लाल जोड्यातली नवरी दिसली की त्याचं डोकं फिरतं. हा सिनेमा अण्णांनी हाफ चड्डीत असताना पाहिला आणि अजून त्यातून ते बाहेर आलेले नाहीत. कोहलींनी २००२मध्ये त्याच नावानं इच्छाधारी नागाचा सिनेमा काढला, त्याविषयी मात्र अण्णा एक शब्द बोलत नाहीत. घरातल्या वाया गेलेल्या मुलाविषयी बोलत नाहीत, तसे.

पण खडू तिथेही चालतो. राक्षसाच्या अंगावरचे केस पाहून, "हाऊ राक्षस शे का घोंगडी?" असं ते अहिराणीत विचारतात. शिव्या आणि शास्त्रार्थ, दोन्हीसाठी त्यांना अहिराणीच लागते. त्यांचा दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. "हा राक्षस आपल्या या कसमादे पट्ट्यात उपाशी मेला असता. आपली नवरी बोहल्यावर उभी राहते मामानं आणलेल्या पिवळ्या साडीत. हा बिचारा झाडामागे बसणार, वरातीमागून वरात जाणार, सगळ्या पिवळ्या. शेवटी मांडवात शिरून वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी खाऊन झोपला असता."

आणि राक्षस कोण, हे अण्णा कुणालाही न विचारता सांगून टाकतात. पंचेचाळीस वर्षं उलटून गेली, आता कसली लपवालपवी? गावाला ज्याचा आधार, तो ठाकूर म्हणजे संजीवकुमारच. यातून अण्णांनी जन्माचा धडा घेतला: राक्षस कोपऱ्यात दबा धरून नसतो, तो शाल-नारळ घेऊन पुढच्या खुर्चीत बसलेला असतो.

मध्ये एकदा पोरांनी विषय काढला. इथल्याच शेख नासिरनं २००० साली 'मालेगाव के शोले' केला, पुढे मालेगावचा सुपरमॅन उडवला, त्यावर माहितीपट निघाला, २०२५मध्ये मुंबईवाल्यांनी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' काढला. मग मालेगावचा लांडगा का नको? अण्णांनी क्षणभर विचार केला. "नको. चंद्राकडे तोंड करून हेल काढायला गेला की मागाचा फुफाटा घशात जाईल. लांडगा खोकत बसेल आणि लोक म्हणतील, कॉमेडी आहे." एक पोरगा म्हणाला, आता कॉम्प्युटरवर एकेक केस वेगळा काढतात, एकही चूक राहत नाही. अण्णा म्हणाले, "ज्या ताग्यात एकही खोट नाही, तो मी दोनदा तपासायचो. कुणीतरी काहीतरी लपवलंय म्हणून."

यंदा अण्णांच्या मुलीचं लग्न झालं. बोहल्यावर रीतसर पिवळी साडी. अण्णा निर्धास्त. संध्याकाळी रिसेप्शनला मात्र पोरगी स्टेजवर आली ती लालभडक घागऱ्यात. आम्ही टपरीवाले एका रांगेत बसलो होतो, कुणीतरी हळूच म्हणालं, "अण्णा, लाल." अण्णा हसले नाहीत. तपासायच्या टेबलावर बसावं तसे ताठ झाले आणि पुढच्या खुर्च्यांवरून नजर फिरवू लागले. शाल-नारळवाले तीन पाहुणे होते. तिघांवरही त्यांनी मनातल्या मनात खडू मारला असावा. एकाच्या तर हातावर केसही बरेच होते.

पाठवणीची वेळ आली. गाडीचं दार उघडलं. लाल घागरा सावरत पोरगी वळली आणि तिनं अण्णांकडे पाहिलं.

मंडपातले हॅलोजन जळत होते, लख्ख उजेड होता. आधी अण्णांचे हात थरथरले. मग खांदे वर आले. जबडा वाकडा झाला, डोळे लाल झाले, आणि घशातून असा एक आवाज निघाला की वाजंत्रीवाल्यानं सनई थांबवली. ज्या तोंडातून साठ वर्षं फक्त खोट निघाली, ते तोंड आमच्यादेखत, मध्ये एकही कट न मारता, दुसऱ्याच कुणाचं तरी झालं.

दोन दिवसांनी अण्णा टपरीवर आले. बसले. चहा अर्धा झाला तरी कुठल्याच सिनेमाचं नाव नाही. मग ग्लासात बघत म्हणाले, "काय रे, फार वाईट दिसलं का?"

इतक्या वर्षांत अण्णांनी कुणाचं मत पहिल्यांदाच विचारलं होतं. आमच्यातल्या एकानं धीर केला. "दिसलं चांगलं, अण्णा. आवाज थोडा जास्त होता."

"होणारच," अण्णा म्हणाले, "डबिंग नव्हतं."