आकडे आमच्या बाजूने आहेत

डिसेंबर लागला की फँटसी फुटबॉलच्या (अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू निवडून आपला कागदी संघ बांधायचा आणि त्यांच्या मैदानातल्या कामगिरीवर गुण मोजायचे, तो खेळ) कुठल्याही लीगमध्ये सगळ्यांत विद्वान माणूस कोण, तर ज्याचा संघ सहा सामने जिंकून सात हरलाय तो. दहा जिंकलेल्याला हिशेबाची गरज नसते आणि दहा हरलेला केव्हाच बायकामुलांत परतलेला असतो. मधला मात्र चौथा हरला, पाचवा जिंकला पण कमी गुणांनी, आणि सातव्याचा क्वार्टरबॅक ऐनवेळी बसला, तर आपण सहाव्या जागेवरून प्लेऑफमध्ये कसे शिरतो, हे लिफ्टमधल्या अनोळखी माणसालाही पटवून देतो. आत्याबाईला मिश्या असत्या तर, एवढ्या एका वाक्यावर उभं असलेलं हे शास्त्र. मे महिन्यात आयपीएलच्या नेट रनरेटची आकडेमोड करत वाढलेला मराठी माणूस न्यू जर्सीला नोकरीला गेला, की ऑफिसच्या लीगमध्ये त्याला ते वेगळं शिकवावं लागत नाही. मीही या मधल्यांच्याच पंगतीतला. तरीही माझं म्हणणं असं, की मोसमाच्या शेवटी काढलेली ही शक्यता संघाचं मोजमाप फारसं करत नाही. मालकाला स्वतःबद्दल काय वाटतं, ते मात्र ती अचूक सांगते.

पुरावा गुणतक्त्यातच आहे. बारा जणांच्या लीगमध्ये दर आठवड्याला गाठ एकाशीच पडते. तुम्ही त्या आठवड्यात बारांत दुसरे आलात आणि समोर नेमका पहिला आला, की हरलात. तिकडे अकरावा बाराव्याला हरवून छाती काढून फिरतो. समोरच्याला अडवायची सोय खेळात नाहीच, कारण त्याचे खेळाडू सिअॅटलमध्ये धावतात आणि तुमचे मायामीत. त्यात दहा यार्ड धावल्यास एक गुण, असा दशांशांचा व्यवहार. जिंकत आलेला क्वार्टरबॅक उरलेला वेळ घालवायला चेंडू हातात घेऊन नुसता गुडघा टेकतो, तेव्हा त्याच्या नावावर उणे एक यार्ड लागतो आणि तुमच्या खात्यातून 0.1 गुण जातो. प्रत्यक्ष मैदानात तो हसत असतो; तुम्ही त्याच्या त्या गुडघ्यापायी हरलेले असता. म्हणून संघ खरोखर कसा आहे ते बघायचं, तर जय-पराजय बाजूला ठेवून एकूण गुण बघावेत. एकूण गुणांत माझा संघ तिसरा आहे. हे मला कुणी विचारलेलं नाही, याची कल्पना आहे. नशिबाने वर चढलेला संघ माझा असता, तर मी एकूण गुणांचं नावही काढलं नसतं. ‘शेवटी जिंकता आलं पाहिजे’ असं म्हणून गप्प बसलो असतो.

यावर अ‍ॅपवाले म्हणतील, की आम्ही मोसमाचे उरलेले सामने हजारो वेळा संगणकावर खेळवून बघतो आणि मग प्लेऑफ गाठण्याचे टक्के सांगतो; यात अहंकार कुठला? या पद्धतीचं नाव माँटे कार्लो, आणि तिच्या जन्मकथेबद्दल मला इतका जिव्हाळा आहे की फुटबॉल थोडा वेळ थांबला तरी चालेल. 1946 साली स्तानिस्लाव उलाम हा गणिती मेंदूच्या मोठ्या आजारातून उठला होता. अणुबाँबवर काम केलेला माणूस, आणि आता सक्तीची विश्रांती. तो पेशन्सचा डाव मांडत बसे. पत्ते नीट पिसून लावले तर डाव सुटण्याची शक्यता किती, हे त्याने आधी रीतसर गणिताने काढायचा प्रयत्न केला. ते जमेना, तेव्हा त्याला वाटलं, त्यापेक्षा शंभर डाव मांडून किती सुटले ते मोजलं तर? असल्या विचाराला आपल्याकडे आळस म्हणतात. त्याने तो जॉन फॉन नॉयमनला सांगितला आणि न्यूट्रॉन कसे पसरतात, हे त्या आळसाने संगणकावर काढता येऊ लागलं. नाव सुचवलं निकोलस मेट्रोपोलिस यांनी, कारण उलामचा एक काका नातेवाइकांकडून उसने पैसे घेऊन माँटे कार्लोला जुगार खेळायला जाई. असा काका प्रत्येक घराण्यात असतो. गणिताला त्याच्यामुळे नाव मिळण्याइतका उपयोग मात्र फारच थोड्यांचा होतो. आता मुद्दा असा, की उलामकडे न्यूट्रॉन अगणित होते आणि माझ्याकडे रविवार एकच आहे. अ‍ॅप मला 38 टक्के देतं. त्यातल्या हजारो मोसमांपैकी कुठला माझ्या वाट्याला येणार, हे काकांनाच ठाऊक.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा: दरवर्षी तेच दोन-तीन जण वर कसे असतात? कौशल्य आहे, हे मान्य. दुखापत झालेल्याच्या जागी येणारा पोरगा इतरांच्या आधी हेरून उचलणं, ही अक्कलच आहे. पण अक्कल दारापर्यंत पोचवते. पुढे प्लेऑफच्या 15, 16 आणि 17 या आठवड्यांत एकेका सामन्याचा निकाल. दर सामना जिंकायची शक्यता 60 टक्के असलेला तगडा संघ घेतला, तरी लागोपाठ तीन जिंकण्याची शक्यता 22 टक्क्यांच्या आतच राहते. पहिली फेरी माफ झाली तरी 36. म्हणजे सर्वांत लायक माणूसही बहुधा हरणारच. 2020 च्या नाताळच्या दिवशी ऐन फायनलच्या आठवड्यात अल्विन कमाराने धावून सहा टचडाउन केले. असा पराक्रम त्याआधी एर्नी नेव्हर्सने 1929 मध्ये केला होता. कमारा ज्यांच्याकडे होता ते त्या संध्याकाळी द्रष्टे ठरले, आणि समोरच्यांची तीन महिन्यांची विद्वत्ता जेवणाआधीच संपली.

या हिशेबात मला खरी चीड येते ती दुखापत दाखवणाऱ्या एका लहानशा लाल अक्षराची. खेळाडूच्या नावापुढे ते उमटलं, की आम्ही विचारतो, ‘किती आठवडे?’ 2024 मध्ये ख्रिश्चन मॅकॅफ्री हा बहुतेकांचा पहिल्या पसंतीचा खेळाडू. निम्मा मोसम टाचेच्या दुखण्यात गेला, नोव्हेंबरात परतला, आणि 1 डिसेंबरला बफेलोच्या बर्फात गुडघा गेला. हळहळ झाली ती आमच्या प्लेऑफची. 2 जानेवारी 2023 च्या रात्री सिनसिनाटीत डमार हॅमलिन एक टॅकल करून उठला आणि कोसळला. हृदय बंद पडलं होतं, मैदानातच छाती दाबून ते सुरू करावं लागलं. तो 17 वा आठवडा होता, असंख्य लीगांच्या फायनल त्या एका सामन्यावर अडकलेल्या. सामना थांबला तो पुढे रद्दच झाला. लोकांनी हॅमलिनच्या खेळणीवाटपाच्या निधीत 80 लाख डॉलरहून जास्त टाकले, कित्येकांनी विजेतेपद वाटून घेतलं. तो वाचला, पुढच्या मोसमात खेळलाही. आम्हीही पुढच्या मोसमात पुन्हा ‘किती आठवडे?’ विचारू लागलो.

राहता राहिला 14 वा आठवडा. माझी गाठ लीगच्या अव्वल संघाशी आहे, म्हणून अ‍ॅप मला कमी लेखतं. पण त्याची जागा पक्की झाली आहे. हा गडी रविवारी संघ लावायलाही विसरेल, दुखापत झालेले दोघे तसेच मैदानात ठेवेल. माणसांचा हा स्वभाव संगणकाला काय कळणार? तो धरला तर माझे 45 टक्के होतात. तेही मी हात आखडता घेऊन सांगतोय.