एक कांदा, बराच कांदा

लिलावाच्या दिवशी घोडेगावच्या कांदा मार्केटात गोण्यांच्या थप्प्या लागतात, पण एवढ्या ढिगात ‘कांदे’ कोणाच्या तोंडी नसतात. ‘आज कांदा काय गेला?’ एवढंच. डोळ्यांत न मावणाऱ्या मालाचं एकवचन! तोच माल स्वयंपाकघरात शिरला की सासू सुनेला सांगते, ‘दोनच कांदे चीर गं, पाहुणे जेवून आलेत.’

इंग्रजीच्या तासाला मात्र पोरांना शिकवतात की नामं दोन जातींची, मोजता येणारी आणि न येणारी. जणू जन्मतःच कपाळावर शिक्का. ब्रेड म्हणे मोजायचा नाही. घरात माणशी भाकरी मोजून पीठ मळलं जातं, तिथल्या पोराला हे पटावं कसं? राईसही मोजायचा नाही, दाणे कोण मोजत बसणार! मग ओट्सचे कोणी मोजले? ते अनेकवचनी आणि व्हीट बिचारा एकवचनी. वाटाण्याची तर आणखी मजा. जुन्या इंग्रजीत ‘पीझ’ म्हणजे सगळा वाटाणा मिळून एकच नाम. पण शेवटचा ‘झ’ ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटलं आणि सतराव्या शतकाच्या सुमारास त्यांनी त्यातून ‘पी’ हा एकटा दाणा सोलून काढला.

आपणही काही कमी नाही. तांदूळ निवडले, धुतले, वैरले; पण शिजला तो भात. पातेल्यात अनेकवचन घालायचं आणि ताटात एकवचन वाढायचं. पोहे तेवढे हट्टी, वाफ आली तरी अनेकवचन सोडत नाहीत.

मला वाटतं, वचन पदार्थात नसतंच, व्यवहारात असतं. शिंगणापूरच्या वाटेवर रसवंतीत ‘दोन रस, एक बिनबर्फाचा’ अशी आरोळी उठते, तेव्हा उसाचा पातळ रसही मुकाट्यानं मोजला जातो. पैसे ग्लासावर घ्यायचे असतात ना! इंग्रजांच्या हॉटेलातही ‘टू टीज’ खपून जातं. शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात म्हैस नगावर विकायची, घरी तिचं दूध लिटरवर.

अडतं ते फक्त जोड कांद्यापाशी. एकाच सालीत चिकटलेले दोन गड्डे. हा कांदा एक धरायचा की दोन? व्याकरणवाले यावर गप्प. प्रतवारी करणाऱ्यांनी मात्र तो केव्हाच बाजूला काढलेला असतो, आणि भाव लावतात तो एकापेक्षाही कमी.