शर्यत थांबवायला धमक लागते

हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया बंदरात १९०६ साली पोहण्याची वार्षिक शर्यत सुरू झाली. कोलूनच्या काठावरून उडी मारायची आणि समोरचं हाँगकाँग बेट गाठायचं. शहराचा लाडका सोहळा होता तो. तरीही १९७८ नंतर ही शर्यत बंद झाली. बंदरात शहराचं मैलापाणी सुटत होतं आणि त्या पाण्यात माणसं उतरवणं बरोबर नव्हतं. शर्यत पुन्हा सुरू व्हायला तेहेतीस वर्षं गेली.

बंदर स्वच्छ करण्याचं काम रडतखडत झालं, पण झालं. शंभर मीटरहून खोल बोगदे खणून मैलापाणी स्टोनकटर्स बेटावरच्या प्रक्रिया केंद्रात नेलं. २००१ मध्ये पहिला टप्पा चालू झाला, २०१० मध्ये निर्जंतुकीकरणाची सोय झाली आणि २०११ मध्ये शर्यत परतली, तीही बंदराच्या पूर्व टोकाला. मधल्या भागात बेटाच्या उत्तर काठावरचं मैलापाणी अजून जेमतेम चाळून सोडलं जात होतं. तिथले बोगदे २०१५ अखेर चालू झाले, मग २०१७ मध्ये शर्यत त्सिम शा त्सुई ते वान चाय अशी शहराच्या ऐन मध्यावर आली. गटारांचं काम पुढे सरकलं तसा पोहणाऱ्यांचा मार्ग सरकला. नेत्यांच्या भाषणांपेक्षा मला हा पुरावा मोठा वाटतो.

आता आपली मुंबई. संक रॉक ते गेटवे, धरमतर ते गेटवे. आपली पोरं समुद्रातली ही अंतरं हौसेने पोहून कापतात. अंगाला ग्रीस चोपडून, भरती-ओहोटीचा ओघ धरून, शेजारी होडीत प्रशिक्षक. श्वासासाठी मान वळवावी आणि नेमकी लाट तोंडावर यावी, हे प्रत्येकाच्या वाट्याला येतं. घोटभर पाणी पोटात जातंच. ते कसलं पाणी आहे? शहराचं बरंचसं सांडपाणी आजही जुजबी प्रक्रियेनंतर खाडीत आणि समुद्रात जातं. सात नव्या प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन जानेवारी २०२३ मध्ये झालं. त्यांची एकूण क्षमता रोज सुमारे २,४६० दशलक्ष लिटर. ही केंद्रं लवकर चालू व्हायलाच हवीत. तोवर पोरांच्या जिद्दीला हारतुरे घालून पाण्याकडे डोळेझाक करणं मला संतापजनक वाटतं. जिद्द त्यांची आहे, घाण आपली.

अशा पोहण्याच्या स्पर्धांच्या आयोजकांनी स्पर्धेआधी त्या मार्गावरचं पाणी तपासून घ्यावं आणि अहवाल नावनोंदणीच्या टेबलावर मराठीत लावावा. आकडे वाईट असतील तर स्पर्धा पुढे ढकलावी. आणि पालकांनो, अहवाल लावलेला नसेल तर तो मागा. मिळाल्याशिवाय फॉर्मवर सही करू नका.