आईसाठी आश्रम पाहायला जाताना : नवशिक्यांकरिता

आधी एक काम करा : गावात कोणाला सांगू नका. रिसोड असो की मंगरूळपीर, बुढीसाठी वृद्धाश्रम पाहायला निघालात हे कळलं, की ज्यांनी दहा वर्षांत तिला घोटभर चहा विचारला नाही तेसुद्धा 'काहून बाप्पा, लेकरं नाहीत का तिले?' म्हणत दारात उभे राहतात. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडा, सकाळी वाशिमला उतरा आणि कोणी विचारलंच तर सातबाऱ्याचं काम आहे म्हणा. बहुधा ते खोटंही नसतं.

आता संस्था निवडा. वाशिम जिल्हा 1998 साली अकोल्यातून वेगळा झाला, पण देव आधीपासून भरपूर होते. कारंज्याला नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, पोहरादेवीला सेवालाल महाराजांची समाधी, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, खुद्द वाशिमात बालाजी. त्यामुळे आश्रमाच्या फाटकावर कोणत्या ना कोणत्या संताचं नाव असायचंच, आणि माहितीपत्रकावर सेवेचा महिमा. नवशिक्याने हात जोडावेत आणि पुढे चालावं. फाटक सगळ्यांचंच देखणं असतं. कारभार कोणत्या पंथाकडे आहे आणि त्यावर भांडण नाही ना, एवढं मात्र विचारून घ्या. शिरपूरच्या मंदिराला दोन पंथांच्या वादात 1981 साली लागलेलं कुलूप सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये उघडलं. तुमच्या आईकडे तेवढा वेळ नाही.

कार्यालयात तुम्हाला पोहे देतील. स्थळ पाहायला आल्यासारखे वागा : पोहे खा आणि पत्रिका मागा. पत्रिका म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला हिशेब तपासून घ्यावे लागतात. 'गेल्या वर्षीचा ताळेबंद जरा पाहू का?' असं गोड आवाजात विचारा. चांगल्या ठिकाणी कारकून उठून कपाट उघडतो. बाकी ठिकाणी उद्घाटनाचा अल्बम दाखवतात. विश्वस्तांची यादीही वाचा. सगळी आडनावं एकच निघाली तर ती संस्था नसून कुटुंब आहे, आणि कुटुंबाचा अनुभव तुमच्या आईला आहेच.

मग प्रवेशाचा फॉर्म. तो शेवटून वाचायला घ्या, कारण सुरुवातीला प्रार्थनेची वेळ असते आणि शेवटी खरी अट. बऱ्याच ठिकाणी ती अशा अर्थाची सापडते : राहणाऱ्याला स्वतःची कामं स्वतः करता आली पाहिजेत, आणि अंथरूण धरलं तर नातेवाइकांनी ताबडतोब घेऊन जावं. म्हणजे म्हातारपणाची सोय आहे, फक्त म्हातारपण येईपर्यंत. खुब्याचं हाड मोडलेली किंवा लेकाला भाऊ म्हणू लागलेली बाई त्यांच्या सेवेत बसत नाही.

यात दुष्टपणापेक्षा हिशेब जास्त आहे, आणि तो भिंतीवरच लिहिलेला असतो. जेवणाच्या खोलीत फळा पाहा : आज अमक्याच्या पुण्यतिथीचं जेवण, उद्या तमक्याच्या नातवाच्या वाढदिवसाचं गोड. पंख्यांच्या पात्यांवर दात्यांची नावं, बाकांवर नावं, पाण्याच्या टाकीवर तर आजोबांपासून नाव. रात्रपाळीच्या बाईच्या पगारावर कोणाचं नाव घालता येत नाही. डायपरवर तर मुळीच नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला, माकडहाडाला जखमा होतात. दर दोन तासांनी म्हणजे पहाटे तीनलाही. त्यासाठी पगारी, शिकलेली माणसं लागतात, आणि ती अन्नदानातून येत नाहीत. म्हणून श्रद्धा मोजायची असेल तर देवघरात वेळ घालवू नका. रात्री किती माणसं कामावर असतात आणि त्यातल्या किती जणांनी नर्सिंग केलंय, ते विचारा.

श्रद्धेला हे जमतच नाही असंही नाही. वाशिमात चर्च ऑफ द नाझरीनचं रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल 1930 च्या दशकात उभं राहिलं, आणि मिशनच्या लोकांनी तिथे प्रार्थनेबरोबर परिचारिकांचं शिक्षणही सुरू केलं. मुंबईत अंधेरीला 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर' या धर्मभगिनी निर्धन म्हाताऱ्यांना सांभाळतात. झान जुगान या फ्रेंच बाईने 1839 मध्ये एका आंधळ्या म्हातारीला स्वतःच्या खाटेवर निजवलं, तिथून हा पंथ निघाला. आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा? ते गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे. तुम्हीही आधी संडास पाहा. धरायला दांडी आहे का, फरशी ओली आहे का, कडी बाहेरून उघडते का. फिनेलचा वास फार येत असेल तर तुम्ही येणार हे त्यांना माहीत होतं.

दुपारी न कळवता पुन्हा जा. यावेळी पोहे मिळणार नाहीत, पण जेवणाची ताटं दिसतील. दात नसलेल्या आजीसमोर ज्वारीची भाकर अख्खी ठेवलीय, की कोणी ती वरणात कुस्करून दिलीय, हे पाहायला अर्धं मिनिट पुरतं. माहितीपत्रक वाचण्यापेक्षा हे बरं.

कायद्याचा अभ्यास करायचा उत्साह असेल तर 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा वाचा, पण घरी नको, आई ऐकेल. दरमहा 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता तिला मागता येतो. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्र करून दिलं असेल आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकतं. आणि 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन तिच्या साध्या फोनवरूनही लागते. सातबाऱ्याचं काम खरंच असेल, तर ते थोडं लांबवलेलं चांगलं.

शेवटची पायरी बहुतेक जण विसरतात : आईला सोबत न्या. तुम्ही ताळेबंद चाळेपर्यंत ती स्वयंपाकघरात जाऊन पातेल्याचं झाकण उचलून आलेली असेल, दोन बाया कुठल्या गावच्या, कोणाच्या सुना, हे तिला कळलेलं असेल. मग ती व्यवस्थापकांसमोर बसेल आणि विचारेल, 'राती हाक मारली तं कोन येते?' ते 'तसं सगळेच येतात आजी' असं म्हणाले, तर पोह्यांबद्दल आभार माना आणि गाडी रिसोड रोडला घ्या. त्यांनी एका बाईचं नाव सांगितलं, तर त्या बाईला बोलवायला सांगा.