वारशातून फजिती: जावा प्रोग्रामरसाठी पाच पायऱ्या

सहकाऱ्यांच्या झोपेचे खोबरे करण्याची प्रामाणिक तळमळ असलेल्या होतकरूंसाठी ही कृती. साहित्य: एक पॅरेंट क्लास, एक चाइल्ड क्लास आणि आत्मविश्वास चवीपुरता.

१. ‘खाते’ नावाचा क्लास लिहा. कन्स्ट्रक्टर लिहू नका. कंपायलर कनवाळू असतो, बिनआर्ग्युमेंटचा एक तो स्वतःच पुरवतो. आता ‘खाते’वरून ‘बचतखाते’ काढा. सगळे सुरळीत चालेल. खचू नका.

२. पुढच्या आठवड्यात ‘खाते’मध्ये खातेक्रमांक घेणारा कन्स्ट्रक्टर घाला. तुम्ही स्वतःचा लिहिलात की कंपायलर फुकटचा देत नाही. ‘बचतखाते’ मात्र गुपचूप सुपर म्हणत त्यालाच शोधत असते. एरर ‘बचतखाते’मध्ये दिसेल, ते ज्याने लिहिले त्याच्याकडे रोखून पाहा.

३. मेथड वारशाने मिळतात, म्हणजे कन्स्ट्रक्टरही मिळणारच, असे मीटिंगमध्ये ठासून सांगा. मिळत नाही. चाइल्डने स्वतःचा लिहून त्यातून सुपरला क्रमांक द्यावा लागतो, पूर्वी तर तोही पहिल्याच ओळीत. २०२५च्या जावा २५पासून सुपरआधी आर्ग्युमेंट तपासायची मुभा मिळाली आहे. हे कुणाला सांगू नका.

४. आता मुख्य पदार्थ. ‘खाते’च्या कन्स्ट्रक्टरमधून ‘स्वागत’ ही मेथड बोलवा. ‘बचतखाते’मध्ये तीच ओव्हरराइड करून व्याजदर छापा; फील्डची सुरुवातीची किंमत ४.० ठेवा. आधी पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालतो, पण मेथड चाइल्डची धावते, आणि चाइल्डच्या फील्डमध्ये ४.० भरायची पाळी तोवर आलेलीच नसते. ग्राहकाचे स्वागत ०.० टक्क्यांनी होईल, आणि कंपायलर चकार शब्द काढणार नाही. फील्डला फायनल मात्र लावू नका. मग तो स्थिर आकडा कंपायलर थेट मेथडमध्ये बसवतो आणि सगळी मजा जाते.

५. पकडले गेलात, तर “सी प्लस प्लसमध्ये असे होत नाही” म्हणा. खरेच आहे, तिथे बेसच्या कन्स्ट्रक्टरमधून बेसचीच मेथड चालते. तरी कुणी ऐकले नाही, तर पायथॉनच्या टीममध्ये बदली मागा. तिथे चाइल्डने स्वतःचा इनिट लिहिला की सुपर म्हटल्याशिवाय पॅरेंटचा चालतच नाही. तक्रार उठते ती बऱ्याच वेळाने, भलत्याच ओळीत. तोवर तुम्ही रजेवर असाल.

पथ्य: कन्स्ट्रक्टरने फक्त फील्ड भरावेत, ओव्हरराइड होऊ शकणाऱ्या मेथडला हाक मारू नये. हे पाळल्यास चौथी पायरी फुकट जाते, म्हणून एवढा परिच्छेद नवशिक्यांच्या हाती पडू देऊ नका.