सुट्ट्यांचा प्रश्न सुटला

८ नोव्हेंबर २०१६ला नोटा बाद झाल्या आणि फोनमधलं पाकीट घरोघरी शिरलं. नोटा परत आल्या, पाकीट काही हलेना. लोक सोय म्हणतात. मला विचाराल तर ही सगळी सुट्ट्या पैशांची कृपा. दोन रुपयांच्या बदल्यात वाण्याने टेकवलेली गोळी मुकाट चघळण्यात पिढ्या खपल्या. आता अठ्ठावीसचं दूध अठ्ठावीसलाच मिळतं. शिवाय कॅशबॅक! कार्ड खरवडलं की आतून निघते कुठल्याशा चपलांवरची सूट, तीही हजाराच्या खरेदीवर. तरी बोट पुढच्या वेळी खरवडतंच. आणि वडापावच्या गाडीवरचा डबा ‘पंधरा रुपये प्राप्त झाले’ अशी ललकारी देतो, तेव्हा अख्ख्या रांगेला कळतं, साहेबांनी एकच घेतला. नोट देऊन हा मान कुठला मिळायला?